शिफारसपत्रातली मुलगी

पत्र आलं तेव्हा क्रांती एका ट्रेलरवाल्याशी हुज्जत घालत होती. उरणला बंदराच्या रस्त्यावर कंटेनरचं एक यार्ड आहे, त्याच्या गेटलगतच्या ऑफिसात ती कागदपत्रं बघते. कुठला डबा आत आला, कुठला बाहेर गेला, कुणाचं सील तुटलंय, कुणाची सही राहिलीय. ट्रेलरवाला खिडकीत कोपर टेकवून ‘मॅडम, एक शिक्का तर राहिलाय, सोडा ना, मागं लाइन लागलीय बघा’ म्हणत होता आणि क्रांती ‘मग लाइन मी लावली का?’ म्हणत होती, तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल थरथरला आणि कॉलेजातल्या करमरकर सरांचं नाव उमटलं. तिने ट्रेलरवाल्याला चक्क सोडून दिलं. तोही बिचारा चक्रावला. इतक्या स्वस्तात सुटका होईल असं त्याला वाटलं नसावं.

सरांनी लिहिलं होतं, “पत्र तयार आहे. तारखा आणि नावाचं स्पेलिंग एकदा नजरेखालून घाल. ठीक असेल तर कळव, म्हणजे त्यांच्या साइटवर चढवून टाकतो.” खाली पत्राचा फोटो. खरं तर ज्याच्याबद्दल पत्र आहे त्याने ते बघायचं नसतं, असं ती जिथे अर्ज करत होती त्या परदेशी विद्यापीठाने सूचनांमध्ये ठळक अक्षरांत बजावलं होतं. पण आपल्याकडे कुठले सर विद्यार्थ्याला न दाखवता पत्र धाडतात? काही चुकलं तर पोरीचं नुकसान व्हायला नको, हा आपला साधा विचार. क्रांतीने अक्षरं दोन बोटांनी मोठी केली. पहिल्या परिच्छेदात तिचं नाव होतं, वर्ष होतं, विषय भूगोल होता, सगळं बरोबर. दुसऱ्यात सरांनी लिहिलं होतं की एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला शिकवून गेले असे विद्यार्थी फार थोडे, आणि ही त्यांतली एक. क्रांतीचे डोळे भरून आले. मग तिसरा परिच्छेद. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी किनाऱ्याचा एक जुना नकाशा लावला होता, ही मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, सर, ह्यात आमची वाडी नाही.

डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच राहिलं. कारण ते क्रांती म्हणालीच नव्हती. जयमाला म्हणाली होती. क्रांती तिच्या शेजारी बसून तिची ओढणी खाली ओढत होती आणि दातांतल्या दातांत म्हणत होती, ‘बस गं बाई, खाली बस.’

शिफारसपत्र हे काय प्रकरण असतं ते ज्याला मिळवावं लागलंय त्यालाच ठाऊक. कॉलेजात असताना मागितलं तर सर चालता चालता देतात. कॉलेज सुटून वर्षं लोटली की तिथे तुम्ही कुणीच नसता. तुमच्या बाकावर दुसरं कुणी बसलेलं असतं आणि भिंतीचा रंगसुद्धा बदललेला असतो. बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा क्रांतीने पदवीवर थांबून नोकरी धरली, ती धरलीच. बाबा गेले, धाकटा भाऊ सम्यक शिकून कामाला लागला, आणि मग एके दिवशी यार्डामागच्या मिठागरात मातीचा भराव पडताना बघून तिच्या मनात आलं की इथे काय होतं, हे कुणी कागदावर लिहून ठेवतंय का? एवढंच. एवढ्याशातून ते युरोपातलं विद्यापीठ निघालं, किनाऱ्यांच्या अभ्यासाचा कोर्स निघाला, सरकारी शिष्यवृत्ती निघाली, आणि सगळं जमत आलं असताना घोडं पेंड खायला लागलं ते पत्रांपाशी. एका मॅडमचा फोन नंबरच बदललेला. दुसऱ्या एका सरांनी रोल नंबर विचारला, तिने सांगितला. मग फोटो मागितला, तिने पाठवला. मग ते काही बोललेच नाहीत. फोटो बघूनही आठवू नये असा आपला चेहरा आहे की काय, म्हणून तिने त्या दिवशी आरशात जरा जास्तच वेळ बघितलं होतं. यार्डाचे मॅनेजर हर्षदभाई मात्र लगेच तयार झाले. “अरे बेटा, तूच लिहून आण ने, फस्क्लास लिही, आपण शिक्का मारू!” आता स्वतःची स्तुती स्वतः लिहायची म्हणजे काय करायचं? तिने ‘वक्तशीर’ लिहिलं. मग ‘मेहनती’ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तिच्या घरी कुणी कुणाचं तोंडावर कौतुक करत नसे. बाबा फार खूश झाले तर म्हणायचे, ‘बरं झालं.’ ‘बरं झालं’ला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला सुचेना. हर्षदभाईंनी न वाचता शिक्का मारला.

आणि मग करमरकर सर. निवृत्त होऊन अलिबागला राहिलेले. तिने भीत भीत फोन केला, नाव सांगितलं, गाव सांगितलं, तर पलीकडून सर केवढ्याने म्हणाले, “अगं, तुला विसरेन होय मी! ती नकाशाची मुलगी ना तू? लिहितो, लिहितो, अगदी आनंदाने लिहितो!” फोन ठेवून ती ऑफिसच्या बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. इतक्या वर्षांनी कुणाला तरी आपण आठवतो, ही गोष्ट पोटभर जेवल्यासारखी असते, आणि ती उपाशी होती हे तिला तोवर कळलंही नव्हतं. बाहेर आल्यावर वॉचमनने विचारलं, काय झालं, तर म्हणाली, धूळ गेली डोळ्यात. बंदराच्या रस्त्यावर धुळीला काय कमी!

पत्र आल्यापासून ती ‘ठीक आहे सर’ एवढेच शब्द टाइप करत होती आणि पुसत होती. गेटवर गाड्या येत होत्या, ती शिक्के मारत होती, आणि आत ते जुनं कॉलेज उघडत होतं. ती आणि जयमाला, दोघी समाजकल्याणच्या वसतिगृहातल्या, दोघी दिघीच्या खाडीकडच्या, दोघी आपापल्या गावच्या बौद्धवाडीतल्या. एकीची कॉट खिडकीशी, दुसरीची तिला लागून. शिष्यवृत्तीचे कागद आले की शिपाई वर्गाच्या दारात येऊन ओरडायचा, ‘हॉस्टेलवाल्या दोघी, ऑफिसात!’ नाव घ्यायची तसदी नाही. तीन वर्षं त्या ‘दोघी’ होत्या. एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते याची कॉलेजला गरज पडली नाही. त्या दिवशी सरांनी फळ्यावर नकाशा टांगला, आपापलं गाव शोधा म्हणाले. पोरं गर्दी करून शोधायला लागली. जयमालाला गाव सापडलं. देऊळ होतं, तळं होतं, समुद्राकडे जाणारी पाऊलवाट होती. वाडीच नव्हती. ती जागेवर येऊन बसली आणि पुन्हा उभी राहिली. सर म्हणाले, “अगं, नकाशाचं प्रमाण लहान आहे, छोट्या वस्त्या येत नाहीत त्यात.” तर ही म्हणते, “विहीर आलीय ना सर. आमच्या वाडीपेक्षा विहीर मोठी असते का?” वर्ग हसला. क्रांतीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सर हसले नाहीत. ते पाठमोरे होऊन नकाशासमोर उभे राहिले, तास संपेपर्यंत काही शिकवलंच नाही त्यांनी.

पुढच्या रविवारी सर एसटीने जयमालाच्या गावात आले. बरोबर मोजायची टेप आणि कागद अडकवायची पाटी. जयमाला पुढे. प्रत्येक दारात थांबणार, ‘ए काकी, जरा सरक, तुझं घर मोजायचंय’ म्हणणार, कुत्र्यांना हाकलणार, आणि तुमच्या आज्याने घर बांधलं कधी, आधी कुठे होतात, असं म्हाताऱ्यांना खोदून खोदून विचारणार. क्रांती मागे, आकडे टिपत. जयमालाला एक रेघ सरळ काढता यायची नाही. क्रांतीला अनोळखी दारात उभं राहून एक शब्द बोलता यायचा नाही. मग वसतिगृहात कॉटवर उताणी पडून जयमालाने सांगायचं आणि क्रांतीने जमिनीवर कागद पसरून शाईने काढायचं, असं करत वाडीचा नकाशा झाला. सरांनी तो चौकटीत घालून विभागाच्या भिंतीवर लावला. विचारणारी एक, काढणारी दुसरी. सरांच्या डोक्यात एवढ्या वर्षांत दोघींची मिळून एकच मुलगी झाली होती. धीट, प्रश्न विचारणारी आणि हात सुबक असलेली. अशी मुलगी कुणालाही हवी असणार. त्या विद्यापीठाने तर डोळे झाकून घेतली असती. फक्त ती कधी अस्तित्वात नव्हती.

क्रांतीला राग आला. साफ सांगायचं तर सरांचाच आला. वर्गात दुसऱ्या दोन मैत्रिणी होत्या, ब्राह्मण आळीतल्या, त्याही कायम जोडीने फिरायच्या. त्यांची कधी अशी गल्लत झाली असती का? पण राग धरायला गेलं की तो हातातून निसटायचा, कारण सर वाडीत आले होते तेव्हा जयमालाच्या आईच्या ओट्यावर बसून चहा प्यायले होते आणि ‘अजून अर्धा कप आहे का हो?’ असं स्वतः मागून घेतलं होतं. तसं त्या वाडीत येऊन मागणारे फार लोक नव्हते. मग रागाच्या जागी दुसरा आवाज यायचा, तो जास्त वाईट. अर्धं तर खरंच आहे. नकाशा तूच काढलास. नाव तुझं आहे, सही सरांची आहे, खोटं तू एक अक्षर बोललेली नाहीस. तू फक्त ‘ठीक आहे’ म्हणायचंस. आणि नाही म्हणालीस तर तारीख निघून जाईल, वर्ष जाईल, वर्ष गेलं की तू पुन्हा उठशील का? इथेच बसशील, शिक्के मारत. विद्यापीठाला कुठे जयमाला माहीत आहे? जयमालाला तरी कुठे कळणार आहे?

हे शेवटचं मनात आलं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि वर ते बीळ जिवलग मैत्रिणीचं. तिने शनिवारची सुटी टाकली. गावी आईला भेटून येते, असं ऑफिसात सांगितलं; आईलाही फोनवर तसंच सांगितलं; जायचं होतं जयमालाकडे. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही तिची जुनी खोड.

एसटी अलिबागच्या स्टँडवर थांबली. सरांचं घर स्टँडपासून चालत जाण्यासारखं. उतरावं, जावं, सांगून टाकावं. कंडक्टर चहा प्यायला गेला होता, वेळ होता. ती मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसून राहिली. समोर कुणी कलिंगडाच्या फोडी विकत होता, त्यांच्यावर माश्या बसत होत्या, तो वारत होता, पुन्हा बसत होत्या. सरांना सांगितलं तर सर आपल्याकडे बघतील आणि त्यांच्या नजरेत ‘मग तू कोण?’ असं उमटेल, ते तिला बघवलं नसतं. पत्र हातचं जाईल याची भीती होती, ती वेगळी. ही त्याहून आतली होती. गाडी सुटली. मुरूड गेलं, आगरदांड्याला ती जेट्टीवर उतरली, गाड्या आणि माणसं एकत्र भरणाऱ्या बोटीत चढली. पलीकडे दिघी दिसत होतं. लहानपणापासून तिने ही खाडी इतक्यांदा ओलांडली होती, पण त्या दिवशी पाणी संपू नये असं वाटत होतं. बोट आपली वेळेवर लागली.

जयमाला श्रीवर्धनच्या वाटेवरच्या एका गावात दिलेली. नवरा विवेक रिक्षा चालवतो, आणि ही घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन मांडून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरते. दाखले, पेन्शन, शिष्यवृत्ती, जो येईल त्याचं. अंगणात सुपारी वाळत घातली होती. क्रांती दारात उभी राहिली तेव्हा जयमाला एका म्हाताऱ्याचा अंगठा फडक्याने पुसत होती.

“अगं बया! उरणची मेमसाब!” ती खुर्चीतूनच ओरडली. “बस, बस. ह्या दादूमामांचा अंगठा मशीन घेत न्हाय. जन्मभर जाळी वढून रेघाच गेल्या, आता सरकारला रेघा पायजेत. मामा, दाबा. जोरात न्हाय, परेमानं दाबा.”

दादूमामा बोळक्या तोंडाने हसले. क्रांती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. आईला भेटायला आले होते, सहज वाकडी वाट केली, वगैरे म्हणाली. जयमालाने तिच्याकडे एकदाच बघितलं.

“सहज आलीस व्हय? मग घाम का फुटलाय? बोल काय झालं ते.”

मग क्रांतीने सांगितलं. पहिल्यापासून, विद्यापीठापासून. मोबाइल पुढे केला. “तूच वाच, मराठीत सांग, माझे हात गुंतलेत,” असं जयमाला म्हणाली, म्हणून क्रांती एकेक वाक्य मराठी करून वाचत गेली. ही मुलगी उभी राहिली, ही मुलगी म्हणाली, विहीर आलीय ना सर. जयमाला ऐकता ऐकता हसायलाच लागली.

“मला उचलून तुझ्यात घातली की गं सरांनी!”

“हसतेस काय? मी काय करू ते सांग.”

“करायचंय काय? घे की! माझं पडूनच होतं ते, काय कामाला येत होतं? तुझ्या तरी येऊ दे. जा परदेशात, तिकडून मला एक चांगला स्वेटर पाठव.” आणि मग दादूमामांना म्हणाली, “मामा, दुसरा अंगठा बघू.”

झालं. एवढी रात्रंदिवसाची तगमग, आणि हिने एका वाक्यात मिटवून टाकली. क्रांतीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिने मोबाइल पिशवीत टाकायला घेतला.

“ते विहिरीचं परत वाच गं,” जयमाला म्हणाली. आता ती हसत नव्हती.

क्रांतीने वाचलं. त्या प्रश्नाने माझी नकाशा वाचायची रीतच बदलली, असं सरांनी पुढे लिहिलं होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक वर्गाला मी तो प्रश्न सांगत आलो.

“परतेक वर्गाला?”

“हो.”

जयमाला अंगठ्याचं मशीन हातात धरून हळू म्हणाली, “मला वाटलेलं, सरांना राग आलाय. सगळ्यांसमोर तोंड वर करून बोलले ना मी. वाडीत आले, मोजून गेले, पण बरं केलंस असं कधी म्हनले न्हायत. मग आख्खं तिसरं वर्ष मी त्यांच्या समोर जायचं टाळलं. पुढं शिकू का, असं विचारायला एकदा खोलीच्या दारापर्यंत गेलेले. तशीच मागं फिरले.” तिने मामांचा अंगठा पुन्हा मशीनवर टेकवला. “असू दे. मामा, घेतला बघा मशीननं!”

क्रांती अंगणात आली. सुपारीच्या झाडांखाली सावली होती. तिथे उभं राहून तिने सरांना फोन लावला. आता नाही लावला तर आपण कधीच लावणार नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं. सरांनी उचलला, “काय गं, स्पेलिंग चुकलंय का?” म्हणाले. तिने एका दमात सांगून टाकलं.

“दोघी होतात तुम्ही?” सर म्हणाले.

“हो सर. दोघी होतो.”

“मला एकच चेहरा आठवतो गं.” त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. “काय हा माझा... आणि मग तू? तू कुठे होतीस तेव्हा?”

“शेजारी बसले होते, सर. तिची ओढणी ओढत होते. खाली बस म्हणून.”

सरांना हसू आलं की आणखी काही झालं, ते फोनवर कळलं नाही. “आणि तो नकाशा?”

“नकाशा मी काढला. ती सांगायची, मी काढायचे.”

“मग मला तेवढंच लिहिता येईल, बाळ. तेवढंच मला खरं माहीत आहे. पत्र लहान होईल. त्यांना ते पुरेल की नाही, मी सांगू शकत नाही.”

“चालेल सर,” क्रांती म्हणाली. चालेल असं तिला अजिबात वाटत नव्हतं. सरांनी जयमालाचा नंबर मागितला, तिने दिला.

ती आत आली तेव्हा दादूमामा निघून गेले होते. तिने काय केलं ते सांगितल्यावर जयमालाने कपाळाला हात लावला. “येडी का काय गं तू? मी दिलं होतं ना तुला? तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं! एवढं मोठं पत्र, सोन्यासारखं पत्र, आणि घालवून आलीस! आता घेतील का ते तुला?”

“माहीत नाही.”

“न घेतलं तर?”

“तर नाही घेतलं.” क्रांतीला रडू आलं, ती रडली, लपवलं नाही. जयमालाने आत जाऊन पाणी आणलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, वर दोन शिव्याही घातल्या. मग पुन्हा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. पडद्यावर कुणाचा तरी अर्धा भरलेला अर्ज होता, तिने तो बंद केला.

“शेवटची तारीख कधीय गं त्या फॉर्मची?” तिने पडद्याकडे बघतच विचारलं.

“उद्या. आज संध्याकाळी चढवतो म्हणालेत सर.”

“तुझी न्हाय गं,” जयमाला म्हणाली. “पुढच्या वर्षाची.”